आशाबाईचा ओटीपी

...आन् ही खिडकीवरची मला म्हणती काय? "दम धरा, मावशी, दम धरा!" आता तुम्हीच सांगा व्हो, दम्याच्या माणसाला असं बोलावं का? मह्यापाशी धरायला दम असता तर म्या सकाळच्या पारी इथं केंद्रात येऊन बसले असते का? तुमचा कितवा नंबर? बासष्ट? आन् चालू कितवा हाय? एकोणीस! मंग बसा निवांत. सरका जरा, ही पिशवी मांडीवर घ्या. बसलेच हात तर माहं आयका, कारण हे तुमच्या कामाचं हाय. उगं टाइमपास म्हणून नाय सांगत मी. मला बोलायला तरास होतो, मधीमधी थांबावं लागतं, तरी बोलते. काहून बोलते ते शेवटाला कळंल.

मी रत्नमाला. राहते इथंच, बजाजनगरला, लेकापाशी. धम्मपाल त्याचं नाव, कंपनीत ठेकेदाराकडं हाय. पण आमचं मूळ गाव तिकडं पिशोरकडं, एक लहानसं गाव. तिथल्या शाळेत एकोणीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली म्या. दोनशे दहा पोरं! आठ बाय आठची खोली, पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, ती पण बिजागरी गंजून बंदच. आन् चूल. पावसाळ्यात वली लाकडं, त्याच्यावर फुकणीनं फुंकायचं, फू... फू... डोळ्यातनं धारा. पोरं म्हणायची, "मावशी, रडता काहून?" म्या म्हणायचे, "तुमच्या मार्कांकडं बघून रडते रे!" हसायची लेकरं. गॅस आला म्हणा नंतर, पण तवर मह्या छातीत धुरानं घर बांधलं व्हतं.

थांबा... जरा दम घेते...

हां. तर डॉक्टर कोणताबी असू द्या, नवा असला की पहिला सवाल काय? मान वर नाय करायची, पेन चालू, "बिडी ओढता का?" नाय साहेब. "सिगारेट?" नाय साहेब. "खरं सांगा हां, लाजू नका." आता ह्याला काय सांगावं! आमची आशाबाई व्हती ना, तिनं एकदा एका डॉक्टरला काय जवाब दिला माहितंय? म्हणली, "साहेब, बिडी नाय वढली, चूल वढली. जन्मभर. एक बी दिस सुट्टी नाय घेतली." त्या डॉक्टरनं पेन खाली ठेवलं बगा. पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं पाह्यलं.

आशाबाई कोण म्हणता? तेच तर सांगायचंय.

पहिले कसं व्हतं, शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी दम्याची खोली उघडायची. मीनाक्षी मॅडम म्हणून डॉक्टरीण व्हती. बारीकशी, आवाज पण बारीक, पण सगळ्यायला नावानं वळखायची. कागद बघायच्या आधी चालण्यावरून सांगायची, "रत्नमालाबाई, या महिन्यात दोन दिवस पंप चुकवलाय तुम्ही." खोटं बोलायची सोयच नाय! त्या खोलीबाहेर एक लाकडी बाक. त्या बाकावर आम्ही बसायचो. दोन रिक्षा बदलून जायचं, चार तास बसायचं, तरी तुम्हाला सांगते, मंगळवार कधी येतो असं व्हायचं. घरात खोकलं की माणसं आपल्याकडं बघत्यात. सून काही बोलत नाय बिचारी, संध्या चांगली हाय माही, पण लेकराला उचलून आत नेती. त्या बाकावर कसं, एक खोकला की सगळेच खोकायचे. कोण कोणाला लाजणार?

तर पहिल्याच मंगळवारी मला पंप दिला आन् सांगितलं, असा असा घ्या. म्या घेतला. फस्स! तोंड कडू झालं. बाजूला एक बाई बसलेली, मह्याहून चार-पाच वर्षं मोठी, दोन्ही हातांची बोटं काळी, शेंडे भाजल्याले. बघत व्हती. मला म्हणती, "अगं बाई, हे काय अत्तर हाय का तोंडाला मारायला? दे इकडं." आन् मला शिकवलं तिनं. "पहिले आतली सगळी हवा टाकून दे. चुलीवर फुंकर मारती ना, तशी टाक. आता व्हट गच्च आवळ. दाब. आन् हळू वढ... हळू... कोणी वढून नाय चाललं. आता धर. दहा मोज." आन् मह्यासंगं बोटांवर दहा मोजले तिनं. त्या दिवशी, तुम्हाला खरं सांगते, किती महिन्यांनी मह्या छातीत हवा गेली. रडले मी. ती म्हणती, "रडू नको, रडलं की दम लागतो."

ती आशाबाई. वेरूळच्या पुढं एका वस्तीवर राहायची. लेण्याच्या रस्त्याला शेगडी मांडून बसायची, मक्याची कणसं भाजून विकायची पाहुण्यांना. तीस वर्षं. वारं कोणीकडून बी येऊ द्या, धूर हिच्याच तोंडावर. म्हणायची, "लोकं हजारो कोसांवरून लेणी बघायला आली, म्या तीस वर्षांत दोनदा आत गेले. पायऱ्या चढवत नाय." नवरा बद्रीनाथ, कानानं लई बहिरा, कानात वरडलं तरच आयकू जातं. लेकरूबाळ नाय. नवराबायको दोघंच.

पाच वर्षं आम्ही त्या बाकावर बसलो. मधल्या वेळात मीनाक्षी मॅडम नव्या पेशंटला बाहेर पाठवायची, "जा, आशाबाईंकडून शिकून या." किती लोकांना दहा मोजायला शिकवलं तिनं!

मंग एका मंगळवारी गेलो तर खोलीला कुलूप. मॅडमची बदली झाली म्हणे. आम्ही म्हणलं, मंग दुसरे कोणी? वॉर्डातला माणूस म्हणतो, "मावशी, आता हे सगळं बदललं. आता तुमच्या घराजवळच्या केंद्रात जायचं. तिथं स्क्रीनवर डॉक्टर दिसंल. पंप बी तिथंच मिळंल. सगळं ऑनलाइन." आम्ही इचारलं, आन् मंगळवार? तो हसला. "मंगळवार बंद. आता रोज मंगळवार."

आता मी काही उगं नावं ठेवत नाय हां. सोय झाली. दोन रिक्षा वाचल्या. घरापासून पाच मिनिटं चालत, म्हणजे तुमची पाच, माही वीस. स्क्रीनवरचा डॉक्टर बी वाईट नाय. निस्तं त्याचं तोंड मधीच अडकतं. "श्वास घ्या, मावशी, खोल..." आन् थांबला. मी श्वास घेऊन बसले! सोडा म्हणलंच नाय त्यानं! बाजूची बाई म्हणती, "अव्हो सोडा, नेट गेलंय!"

हसा, हसा. पण हळू हसा, खोकला येईल.

तर नाव लिहायला शेवटचं मोठ्या दवाखान्यातच बोलावलं व्हतं. तिथं मोबाईल नंबर लागतो म्हणे. माहा कुठला आलाय मोबाईल, म्या धम्मपालचा दिला. आशाबाईपाशी तर काहीच नाय. बद्रीनाथ बहिरा, तो फोन कशाला पाळंल? खिडकीतली पोरगी म्हणाली, "लवकर सांगा, मागं रांग आहे, कोणाचा पण द्या." आशाबाईनं मह्याकडं पाह्यलं. म्या म्हणलं, लिवा, तोच नंबर लिवा. तवा काय कळत व्हतं आपल्याला... वाटलं, नंबर म्हणजे नंबर. दवाखान्याच्या वहीत राहील पडून.

थांबा... दम घेते...

पहिल्याच महिन्यात फोन वाजला. तिकडच्या केंद्रातल्या सिस्टरच्या फोनवरून आशाबाई. "रत्ना! तुह्या फोनवर सहा आकडे आले का? ते सांग, त्याच्याबिगर पंप देत नायत!" आला व्हता ओटीपी. दहा मिनिटं जगतो तो, मंग मरतो. आता बघा मजा. इकडं मी धापा टाकते, तिकडं ती धापा टाकती, आन् सहा आकडे दौलताबादच्या घाटापलीकडं पोचवायचे! म्या म्हणलं, चार... आठ... आन् उबळ आली. ती म्हणती, "साठ?" म्या म्हणलं, आठ गं, आठ! ती खोकली. म्हणती, "म्होरं?" म्या म्हणलं, कुठवर आलो? मागनं सिस्टर वरडती, "दम धरा, आजी, एकेक सांगा!" तवर ओटीपी मेला. पुन्हा नवा. तीन ओटीपी मारले आम्ही त्या दिवशी! धम्मपाल तर पोट धरून हसत व्हता. "आई, तुम्ही दोघी नंबर सांगता का भांडता?"

पण एक सांगते. आकडे सांगून झाले की सिस्टर फोन लगेच मागायची नाय. चांगली असंल बिचारी. मंग आम्ही बोलायचो. काय केलं आज? खोकला कसा हाय? बद्रीनाथभाऊ जेवतो का? दोन मिनिटं, तीन मिनिटं. महिन्यातनं एकदा. बाक गेला, पण ते तेवढं राह्यलं व्हतं आम्हाला. त्या ओटीपीची वाट बघायचे मी, खरं सांगते.

निस्तं एक भानगड. फोन धम्मपालचा. त्याची दुसरी शिफ्ट असली की सकाळी फोन घरी. पहिली शिफ्ट असली की फोन सहाला त्याच्यासंगं. गेटवर हजेरीला फोनमधी तोंड दाखवायचं, आन् मंग तोच फोन पेटीत जमा. तीनला सुट्टी. आन् केंद्र दुपारी एकला बंद! म्हणजे कंपनीनं इकडं शिफ्ट बदलली की तिकडं वेरूळच्या बाईच्या दमाचा वांधा. म्हणून मी तिला आधीच सांगून ठेवायचे, या महिन्यात अमुक आठवड्यात जा, पोरगा घरी हाय. इतके महिने ते बी जमवलं.

या डिसेंबरात काय झालं, मोठी ऑर्डर आली कंपनीला. सगळ्यायला महिनाभर पहिली शिफ्ट. एकदम. आशाबाईला कळवायचं कसं? तिच्यापाशी फोन नाय, सिस्टरचा नंबर दर खेपेला वेगळा. म्या म्हणलं, बघू, येईल तिचा फोन. थंडी लई पडली व्हती. थंडीत आमचं कसं होतं तुम्हाला माहितंयच.

नऊ तारखेला धम्मपाल चारला घरी आला. चपला बी नाय काढल्या. म्हणला, "आई, हे बघ." चार ओटीपी. आन् एकाच नंबरावरून सात फोन. लगेच लावला. लागंना. केंद्र बंद.

दुसऱ्या दिवशी म्या म्हणलं, फोन ठेवून जा. तो म्हणला, "आई, फोन नसंल तर हजेरी लागत नाय, ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणंल." त्याचं बी खरंच हाय ना व्हो. गेला घेऊन. चारला आला. आणखी तीन ओटीपी, पाच फोन. धम्मपाल भिंतीला टेकून बसला. मंग रात्रीच्या जेवणाला म्हणला, "उद्या ठेवतो फोन. होऊ दे काय व्हायचं ते."

गुरुवारी फोन मह्या मांडीवर. सकाळी सहापासून. संध्या म्हणली, "आत्या, अंघोळ तर करा." म्या म्हणलं, फोन आला म्हणजे? न्हाणीत गेले नाय, च्या घेतला तो बी फोनकडं बघत. नऊ वाजले. दहा वाजले. अकराला म्याच लावला सिस्टरला. म्हणलं, बाई, आशाबाईला फोन द्या, आज मी हाय, आज फोन मह्याच हातात हाय. सिस्टर म्हणाली, "आज त्या आल्या नाहीत, मावशी. काल आल्या होत्या. दोन तास बसल्या. नंबर आल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही ना... मी म्हटलं, दम धरा, उद्या परत या."

उद्या परत या! जीप तिला फाट्यावर सोडती. फाट्यापासून केंद्र किती लांब! बिगर पंपाची बाई दोन दिवस चालत आली, ती तिसऱ्या दिवशी कुठनं येणार?

...

थांबा जरा. नाय, पाणी नको. होईल कमी.

ठेकेदारानं धम्मपालचा त्या दिसाचा रोज कापला, पण काम राह्यलं. रविवारी त्याला सुट्टी. गाडीवर बसले त्याच्यामागं. माहा नवा पंप पिशवीत घेतला, म्हणलं हा तिला देऊ, आपलं बघू काही. घाटात गार वारं असं छातीत घुसत व्हतं, पोरगा दर दहा मिनिटांनी गाडी थांबवायचा, "आई, बरीयस ना?" तोंडाला पदर बांधून म्या हातानं खुणावायचे, चल.

वस्तीवर पोचलो तर बद्रीनाथ बाहेर बाजेवर बसल्याला. दाढी वाढल्याली. दारात चपला लई. तवाच कळलं मला. कळलं तरी माणूस इचारतंच ना? म्या म्हणलं, भाऊ, आशाबाई? त्याला आयकू नाय आलं. म्या मोठ्यानं म्हणलं. तरी नाय. मह्यात आवाज कुठं उरलाय व्हो? धम्मपालनं त्याच्या कानापाशी वाकून इचारलं. तो म्हणला, "शुक्रवारी पहाटं गेली."

आत जाऊन तिचा पंप आणला त्यानं. मह्या हातात दिला. दाबून बघितला, फस्स वाजला. म्हणला, "ही दाबत व्हती ना. हवा सुटत व्हती. म्हणायची चालू हाय." आता त्याला कसं सांगू, भाऊ, औषध संपलं तरी तो वाजतो. निस्ती हवा वाजती. मीनाक्षी मॅडमनं शिकवलं व्हतं आम्हाला. आशाबाईला तर पक्कं ठावं व्हतं. नवऱ्याला भेव नको म्हणून दाबत राह्यली असंल.

आन् मंग तो काय म्हणला, ते सांगते. म्हणला, "दोन दिस घोर लावून बसली व्हती तुमचा. म्हणायची, रत्नाचा फोन कधी बंद नसतो, बारा बारा बार वाजला, कोणी उचलंना. तिला काही झालं का बघा. माह्या पंपाचं राहू द्या, पण तिकडं जाऊन रत्नाला बघून या. गुरुवारी म्या निघणारच व्हतो तुमच्याकडं, पण तिला सोडून निघवंना."

तिला वाटलं, मी गेले. बघा आता. जी जात व्हती, तिला माही काळजी.

धम्मपालनं हंबरडा फोडला. एवढा मोठा बाप्या माणूस, बद्रीनाथच्या पायाशी बसून म्हणतो, "काका, माझ्यामुळं झालं, फोन माझ्यापाशी व्हता." त्याला आयकू येईना. तो निस्ता त्याच्या पाठीवरून हात फिरवत राह्यला. म्हणला, "पोरगं चांगलं हाय तुमचं, बाई." म्या काय रडले नाय. रडलं की दम लागतो.

आठ दिवसांनी इथं आले, ह्याच खिडकीवर. सावनी मॅडम बसती ना आता, चष्मेवाली, तीच. म्या म्हणलं, बाई, मह्या नंबरावरनं एक नाव काढायचंय, ती बाई वारली. ती म्हणाली, "दम धरा, मावशी, बघते." बघितलं. म्हणाली, "त्यासाठी दाखला लागेल, घरच्या माणसाची सही लागेल आणि... आणि त्यांचा ओटीपी सांगावा लागेल." म्या तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. आत्ता तुम्हाला सांगितलं ना, तस्सं. मागं रांग वरडत व्हती. ती आयकत राह्यली. मंग चष्मा काढून पुसला, आन् हळूच म्हणती, "पण मावशी, नंबर नाही आला तरी पंप देता येतो. एक रजिस्टर असतं हाताचं. नाव लिहायचं, अंगठा घ्यायचा, पंप द्यायचा. तशी सूचना आहे. पण... कोणी मागतच नाही."

कोणी मागतच नाही! कोण मागंल व्हो? कोणाला माहीत हाय? तिकडं त्या सिस्टरला तरी कोणी सांगितलं असंल का? एक वही. खणात पडल्याली. एक अंगठा. तिचा तर अंगठा बी भाजल्याला, पण उमटला असता ना कसातरी!

म्हणून सांगते. म्हणून इथं येऊन बसते मी. पंप महिन्याला एकदाच, पण मी आठवड्यातनं दोनदा येते, इथं बसते आन् जे दिसंल त्याला सांगते. दादा, तुमच्यापाशी फोन हाय ना? आन् घरच्या म्हातारीपाशी? तिचा नंबर कोणाच्या फोनवर हाय, आज घरी जाऊन बघा. आन् ओटीपी आला नाय, तर खिडकी सोडायची नाय. म्हणायचं, रजिस्टर काढा. "दम धरा" म्हणले, तर म्हणायचं, नाय धरत! लक्षात राहील ना? शेजारणीला बी सांगा. सावनी मॅडम मला हाकलत नाय. परवा तर तिनं स्वतः खुर्ची दिली. पंख्याखाली नको म्हणलं, गार लागतं.

नाव? नाय निघालं अजून. बद्रीनाथला दोनदा बोलावलं, एकदा आला तर कागद अपुरा, एकदा आला तर नेट नाय. आता म्या बी म्हणलं, राहू द्या.

आन् ह्या सोमवारी काय झालं, धम्मपाल दुसऱ्या शिफ्टला, फोन घरी. वाजला. उचलला तर बाईचा आवाज, लई गोड, रेकॉर्डवरचा. "नमस्कार, आशाबाई! आपल्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे." नवीनच काढलंय म्हणे हे, फोन करून तब्येत इचारायचं. "मागील आठवड्यात तुम्हाला धाप लागली नसेल, तर एक दाबा. थोडी धाप लागली असेल, तर दोन दाबा. खूप त्रास झाला असेल, तर तीन दाबा." धम्मपाल म्हणला, "आई, कट कर." म्या म्हणलं, थांब, इचारतीय तर सांगू दे. चष्मा लावला. लई इचार केला. खोटं तर नाय ना बोलायचं? मंग एक दाबलं.

तिकडून म्हणे, "अभिनंदन, आशाबाई! तुमचा आजार आता नियंत्रणात आहे."

म्या म्हणलं, व्हय, बाई. एकदम.